कवडी, नागपुरी आणि कलदार : छत्तीसगडातील चलनबदल

महागाईने मोल हरवलेले चलन मागे घेऊन नवे चलन आणणे आणि त्याच सुमारास शेजारी देशांशी सामाईक बाजारपेठ उभारणे, असे दुहेरी पाऊल अलीकडच्या काळात काही देशांनी उचलले आहे. पश्चिम आफ्रिकेतील घानाने जुलै २००७ मध्ये दहा हजार जुन्या सेडींच्या बदल्यात एक नवी सेडी दिली. त्याच वेळी हा देश शेजाऱ्यांसह 'इको' नावाच्या सामाईक चलनाची तयारी करीत होता. चलनाचा व बाजारपेठेचा असा जोडबदल एकोणिसाव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातही घडून आला. तो राज्यकर्त्यांच्या इच्छेने झालेला नव्हता. पण जुन्या पैशाचे नव्यात रूपांतर होताना तोटा कोणाच्या पदरी पडतो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

रायपूरचा सदर बाजार आज सोन्याचांदीच्या पेढ्यांसाठी ओळखला जातो. दागिन्यांची खरेदी-विक्री हा सराफाच्या धंद्याचा एक भाग झाला. पूर्वी नाणे पारखणे, त्याचा कस ठरविणे आणि एका टांकसाळीचे नाणे दुसरीच्या नाण्यात बदलून देणे हेही त्याचे महत्त्वाचे काम असे. या अदलाबदलीत जी रक्कम कापली जाई तिला बट्टा म्हणत. नावाला बट्टा लागणे हा मराठीतील वाक्प्रचार ज्या कुळातला आहे, तेच हे कूळ.

भोसल्यांचे छत्तीसगड

१७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांच्या स्वारीनंतर छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसू लागला. पहिल्या रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी रतनपूर येथे राहून १७८७ पर्यंत या प्रदेशाचा कारभार पाहिला. त्यांच्यानंतर सुभेदारांकरवी राज्य चालले. १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी काही वर्षे कारभार हाती घेतला आणि मेजर अ‍ॅग्न्यू यांच्या काळात मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८३० मध्ये हा प्रदेश तिसऱ्या रघूजींकडे परत सोपविण्यात आला. ११ डिसेंबर १८५३ रोजी ते निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले.

या काळात एकाच बाजारात निरनिराळ्या प्रकारचा पैसा चाले. मोठ्या व्यवहारांसाठी नागपूरच्या टांकसाळीतला रुपया होता, त्यालाच नागपुरी म्हणत. मराठी सत्तांच्या बहुतेक टांकसाळींप्रमाणे या नाण्यावरही मोगल बादशहाचेच नाव असे. हा रुपया हाताने ठोकून पाडलेला असल्याने त्याचा आकार ओबडधोबड होता आणि कंपनीच्या रुपयाहून त्याचे मोल कमी होते. त्याखाली तांब्याचा खुर्दा होता आणि सर्वांत खाली, आठवडी बाजारात भाजीपाला, मीठ, तंबाखू घेणाऱ्याच्या हाती, कवडी होती.

कवडीचे मोल कसे उतरले

कवडी हे चलन म्हणजे मागासलेपणाचे लक्षण, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. मालदीव बेटांवरून जहाजांनी बंगाल व ओडिशाच्या किनाऱ्यावर येणारी कवडी हे परदेशातून आयात होणारे, मोजमापाने बांधलेले चलन होते. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण आणि सोळा पणांचा काहण, म्हणजे एका काहणात १,२८० कवड्या, असा त्याचा हिशेब असे. तिची नक्कल करणे फायद्याचे नव्हते आणि अगदी क्षुल्लक वस्तूसाठीही ती पुरेशी लहान होती. तांब्याच्या पैशालाही जे जमत नसे, ते ती करी.

या चलनाची घसरण कशी झाली हे ओडिशात सर्वांत ठळकपणे दिसते. तो प्रांतही १७५१ पासून नागपूरकरांकडे होता. १८०३ च्या युद्धात तो कंपनीकडे गेला आणि वऱ्हाडही हातचे गेले. भोसल्यांच्या काळात ओडिशात एका रुपयास चार काहण, म्हणजे ५,१२० कवड्या, असा भाव धरला जाई. कंपनीने शेतसारा चांदीच्या रुपयांत मागण्यास सुरुवात केली आणि पुढे सरकारी भरण्यात कवडी घेणे थांबले. सरकारी तिजोरी जे चलन घेत नाही त्याची मागणी ओसरते. रुपयाचा भाव सहा-सात काहणांपर्यंत चढला. दहा रुपये सारा देणाऱ्या कुळाला पूर्वी चाळीस काहण पुरत. आता साठ-सत्तर लागू लागले. साऱ्याचा आकडा कागदावर वाढला नव्हता, तरी शेतकऱ्याचे ओझे निम्म्याहून अधिक वाढले होते.

त्यात आणखी एक अडचण होती. साऱ्याचा हप्ता सर्वांनाच एका सुमारास भरावा लागे. त्यामुळे गावोगावचे लोक एकाच वेळी धान्य विकून चांदी शोधू लागत, धान्य स्वस्त होई आणि चांदी महाग. या दोन भावांमधील अंतर सावकार व सराफ यांच्याकडे जाई. १८१७ मध्ये खुर्दा येथे बक्षी जगबंधू यांच्या नेतृत्वाखाली पाईकांनी जो उठाव केला, त्याच्या कारणांत जमिनी जाणे व मिठाची महागाई यांच्याबरोबर चांदीतील साऱ्याची सक्ती हेही एक कारण मानले जाते. चलनबदलाचा प्रश्न केवळ हिशेबनिसांचा नसतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

कलदाराचे आगमन

कंपनीने १८३५ च्या कायद्याने आपल्या सर्व प्रांतांसाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन होते आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी होती. यंत्रावर पाडलेला, कडा कोरलेला हा रुपया म्हणजेच कलदार. त्याचे वजन बरोबर एक तोळा असल्याने सराफाच्या तराजूत नाणे हेच वजन म्हणूनही चाले. नाण्याची कड कोरून चांदी काढली तर ते लगेच लक्षात येई. पारख करण्याची सराफाची जुनी विद्या त्यामुळे हळूहळू निरुपयोगी होत गेली.

राज्य खालसा झाल्यावर नागपुरी रुपया व्यवहारातून हटत गेला आणि सरकारी भरण्याचे चलन कंपनीचा रुपया हेच ठरले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. १८८२ पर्यंत नागपूरहून राजनांदगावपर्यंत रेल्वे आली आणि १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग रायपूर-बिलासपूरमार्गे आसनसोलला जोडला. तोवर बंजाऱ्यांच्या बैलांवर जाणारा छत्तीसगडाचा तांदूळ आता दूरच्या बाजारांत पोहोचू लागला.

एकच नाणे आणि एकच बाजार यांचा लाभ खरा होता. बट्टा संपला, व्यापाऱ्याला भावाचा अंदाज येऊ लागला, धान्याला गिऱ्हाईक मिळाले. मात्र साठवणीतला तांदूळही याच वाटेने बाहेर जाऊ लागला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत या प्रदेशाची जी दैना झाली, ती अवर्षणामुळेच. पण मजुराच्या हाती पैसा नसेल तर जोडलेला बाजार त्याच्या दारापर्यंत धान्य आणून देत नाही, हेही तेव्हा दिसून आले. रेल्वेने बाहेरचे धान्य आणता येत होते, ही दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे.

मराठवाड्याचा हाली

असाच बदल मराठवाड्याने विसाव्या शतकात अनुभवला, परंतु त्याची रीत वेगळी होती. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले. १०० भारतीय रुपयांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा भारतीय रुपयांस सात हाली, असा दर होता. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५० पासून तेथे भारतीय रुपया चालू झाला, तरी हाली लगेच बंद करण्यात आला नाही. दोन्ही चलने १९५९ पर्यंत बरोबरीने वापरात राहिली. संस्थानाची स्वतंत्र जकातही पुढे संपली. सातास सहा हा भाग आणे-पैत नेमका बसत नाही, तेव्हा किरकोळ खरेदीतला उरलेला अंश कोणी सोडायचा, हा प्रश्न येथेही होताच. तथापि दर जाहीर होता आणि मुदत दीर्घ होती. ओडिशाच्या शेतकऱ्याला या दोहोंपैकी एकही गोष्ट मिळाली नव्हती.

घानाची वाटचाल अद्याप पुरी झालेली नाही. शून्ये काढल्याने हिशेब सोपे झाले, पण महागाईचे मूळ तसेच राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये तेथील वार्षिक महागाई ५४ टक्क्यांवर गेली होती. 'इको'साठी २०२७ हे वर्ष ठरविण्यात आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो व नायजर हे तीन देश पश्चिम आफ्रिकी आर्थिक समुदायातून बाहेर पडले.

छत्तीसगडात कवडी पैसा म्हणून उरली नाही. मराठीत ती कवडीमोल या शब्दात आहे. कलदारही चलनातून गेला, परंतु चांदीच्या रुपयांना कडी लावून ओवलेली रुपयांची माळ हा छत्तीसगडी स्त्रियांचा परिचित अलंकार आहे.