इनामगाव: शिरूर तालुक्यातलं तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव ओस का पडलं?

स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या प्रत्येकाच्या वहीत 'इनामगाव' हे नाव एकदा तरी लिहिलेलं असतं. ताम्रपाषाण युग, जोर्वे संस्कृती, डेक्कन कॉलेजचं उत्खनन, एवढं पाठ केलं की एका मार्काचं काम होतं. पण पुणे जिल्ह्यातल्या या गावाची खरी गोष्ट त्या एका मार्कात मावत नाही.

इ.स.पू. १६०० च्या सुमारास इथे शेतकऱ्यांची वस्ती झाली. ती सुमारे नऊशे वर्षं नांदली आणि इ.स.पू. ७०० च्या आसपास संपली. लोक गाव सोडून का गेले? या प्रश्नाचं पहिलं उत्तर होतं, 'पाऊस कमी झाला'. नंतर संशोधकांनी गावात पुरलेल्या लहान मुलांची हाडं तपासली आणि हे उत्तर वाटलं होतं तितकं सोपं राहिलं नाही.

इनामगाव नेमकं कुठे आहे?

इनामगाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी आहे. शिरूर शहराला जुनी माणसं आजही 'घोडनदी' म्हणतात, तीच ही नदी. इनामगावच्या पुढे ती भीमेला मिळते आणि भीमा दौंडच्या दिशेने वाहत जाते.

हा सगळा पट्टा पर्जन्यछायेचा. सह्याद्रीवर ढग रिकामे होतात आणि पूर्वेकडे शिरूर-दौंडपर्यंत पोहोचताना पाऊस फारच कमी उरतो. नदीला पाणी येतं ते मुख्यतः वरच्या डोंगरातल्या पावसामुळे. खाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आणि त्यावर काळी माती. ही माती ओल धरून ठेवते, म्हणून कमी पावसातही रब्बीचं पीक निघतं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांनी नदीकाठची ही जागा निवडली, त्यामागे हेच कारण असावं.

उत्खनन कुणी केलं?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये इथे खोदकाम सुरू केलं आणि ते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी या कामाचं नेतृत्व केलं. सविस्तर अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याआधी बहुतेक ठिकाणी एखाद-दुसरा उभा खड्डा खणून थर तपासले जायचे. इनामगावात मोठं क्षेत्र आडवं उघडण्यात आलं. त्यामुळे फक्त खापरं हाती लागली नाहीत, तर अख्खं गाव दिसलं. शंभराहून अधिक घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा, नदीचं पाणी वळवण्यासाठी खणलेला चर आणि त्यालगतचा बांध असं बरंच काही समोर आलं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे इथे एकट्या पुरातत्त्वज्ञाने काम केलं नाही. नदी आणि मातीचा अभ्यास शरद राजगुरू यांनी केला, जळक्या धान्याचा मुकुंद काजळे यांनी, जनावरांच्या हाडांचा पी. के. थॉमस यांनी. माणसांच्या सांगाड्यांवर सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेतले दंत-मानवशास्त्रज्ञ जॉन ल्युकाक्स यांनी काम केलं. भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि शरीरशास्त्र अशी चार शास्त्रं एका पांढरीच्या टेकाडावर एकत्र आली.

काळ कसा ठरवला? चुलीतल्या कोळशावरून

झाड जिवंत असताना हवेतला कार्बन घेत असतं. त्यात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी प्रकार अगदी थोडा असतो. झाड तोडलं की नवा कार्बन येणं थांबतं आणि असलेला कार्बन-१४ ठरावीक वेगाने घटत जातो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. म्हणजे जुन्या चुलीतल्या कोळशात किती कार्बन-१४ उरलाय हे मोजलं की लाकूड कधी तोडलं याचा अंदाज येतो.

इनामगावचे नमुने मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा इथे तपासले गेले. त्यातून गावाचे तीन टप्पे ठरले:

- माळवा काळ: साधारण इ.स.पू. १६०० ते १४००
- पूर्व जोर्वे काळ: साधारण इ.स.पू. १४०० ते १०००
- उत्तर जोर्वे काळ: साधारण इ.स.पू. १००० ते ७००

जोर्वे हे नाव प्रवरा नदीकाठच्या संगमनेर तालुक्यातल्या गावावरून आलं. या पद्धतीची भांडी तिथे आधी सापडली होती.

पहिलं उत्तर: पाऊस आटला

पूर्व जोर्वे काळात गाव भरभराटीत होतं. घरं मोठी आणि चौकोनी होती. मुख्य पीक सातू, म्हणजे जव. सोबत गहू, मसूर, कुळीथ. गायी-बैल पाळले जायचे.

इ.स.पू. १००० नंतरचे थर वेगळे आहेत. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसू लागतात. भांड्यांचं काम ओबडधोबड होतं. शेती मागे पडते, शेळ्या-मेंढ्यांचा वाटा वाढतो आणि हरणासारख्या शिकारीच्या प्राण्यांची हाडं जास्त सापडतात.

यावरून ढवळीकरांनी मांडलं की इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडं झालं, शेती परवडेना, लोक गरीब झाले आणि हळूहळू अर्धभटक्या जीवनाकडे वळले. शेवटी गाव रिकामं झालं. दुष्काळ पाहिलेल्या कुणालाही हे चटकन पटतं. पाऊस गेला की मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात निघायचं, हे इथल्या मातीत आजही अनोळखी नाही.

पण हा निष्कर्ष मुख्यतः घरं, भांडी, धान्य आणि जनावरं यांवरून काढलेला होता. ज्यांच्यावर ही वेळ आली, त्यांच्या शरीराने काय सोसलं?

घराच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफनं

इनामगावची माणसं आपल्या मृतांना बहुतेक घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरायची. मोठ्या माणसांना खड्ड्यात आडवं निजवलं जायचं आणि अनेकांची पावलं घोट्यापासून तोडलेली आढळतात. मेलेल्याने उठून निघून जाऊ नये, अशी समजूत त्यामागे असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवलेला प्रौढ पुरुष सापडला आणि त्याची पावलं शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा, असं मानलं जातं.

तान्ह्या बाळांची रीत वेगळी होती. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यात बाळ. दोनशेहून अधिक दफनांत सर्वात मोठी संख्या या लहान मुलांचीच आहे. घरात लेकरू गेलं की त्याला लांब न नेता तिथेच, रोजच्या वावराच्या जमिनीखाली ठेवलं जायचं. त्या काळच्या आयांनी हे किती वेळा पाहिलं असेल, याचा हिशेब आज ही मडकीच देतात.

दात आणि हाडं कशी वाचतात?

*वय:* दुधाचे दात ठरावीक क्रमाने तयार होतात आणि फुटतात. जबड्यात कोणता दात किती बनलाय हे पाहिलं की मूल किती महिन्यांचं होतं, हे बरंच अचूक सांगता येतं.

*आजारपण:* दाताचं कवच एकदा बनलं की पुन्हा दुरुस्त होत नाही. ते बनत असताना बाळ आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, तर कवचावर रेघ किंवा खळगा राहतो. दुधाच्या सुळ्यांचं कवच जन्माच्या आगेमागे बनतं. त्यामुळे त्यावरच्या खळग्यावरून बाळाच्या पहिल्या महिन्यांबद्दल आणि आईच्या प्रकृतीबद्दलही अंदाज बांधता येतो. ल्युकाक्स आणि वाळिंबे यांनी १९९८ च्या शोधनिबंधात इनामगावच्या सुळ्यांचा असाच अभ्यास मांडला.

*वाढ:* मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची काढता येते. हाडाचा आडवा छेद किती जाड आहे, यावरून वजनाचा अंदाज येतो, कारण हाड भार पेलण्याइतकं जाड होतं.

म्हणजे अंगणवाडीत आज जे होतं, तेच हे काम. वयाच्या मानाने उंची कमी म्हणजे खुजेपणा, उंचीच्या मानाने वजन कमी म्हणजे रोडपणा. अंगणवाडी ताई वजनकाटा आणि पट्टी वापरतात, संशोधक दात आणि मांडीचं हाड वापरतात.

दुसरं उत्तर: एकट्या पावसाला दोष देता येत नाही

अमेरिकेतल्या जैव-पुरातत्त्वज्ञ ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या मुलांच्या सांगाड्यांचा नव्याने अभ्यास केला. त्यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं.

त्यांच्या मांडणीत तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत. एक, प्राचीन हवामानाच्या नव्या नोंदी पाहता हा भाग आधीपासूनच निमकोरडा होता. इ.स.पू. १००० ला अचानक मोठा दुष्काळ पडला, याला त्यातून पाठबळ मिळत नाही. दोन, उत्तर जोर्वे काळातल्या मुलांच्या वाढीवर ताण होता. म्हणजे भटकी शिकार आणि पशुपालन स्वीकारून लोक सुखात होते, असंही नाही. तीन, मोठा जन्मदर आणि मोठे बालमृत्यू असं चित्र दिसतं.

म्हणजे संकट खरं होतं, पण त्याचं कारण एकटं आभाळ नव्हतं. जमिनीचा वापर, लोकसंख्या, पीकपद्धती आणि त्या बदलताना घेतलेले निर्णय, हे सगळं त्यात आलं.

मग हे अंतिम उत्तर आहे का?

नाही. हाडांच्या अभ्यासात एक मोठा पेच आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तो ठळकपणे मांडला.

समजा, दोन बाळं एकाच वर्षी आजारी पडली. एक तापाने चार दिवसांत गेलं. दुसरं महिनोन्महिने झुंजलं आणि दोन वर्षांनी गेलं. पहिल्याच्या दातांवर काहीच खूण नाही, दुसऱ्याच्या दातांवर रेघ आहे. नुसते दात पाहिले तर पहिलं बाळ जास्त निरोगी वाटेल. खरं तर रेघ पडायला जगावं लागतं. शिवाय स्मशानात सापडतात ती न वाचलेली मुलं. वाचून मोठी झालेली मुलं त्या मोजणीत नसतात.

म्हणून एका खुणेवर कुणी निकाल देत नाही. दात, हाडं, धान्य, माती आणि हवामानाच्या नोंदी एकमेकांसमोर ठेवून ताळा बघावा लागतो.

त्याच खोऱ्यातलं दुसरं कोडं: बोरीची राख

पुरावा नवा आला की उत्तर बदलतं, याचं आणखी एक उदाहरण याच खोऱ्यात आहे. घोड नदीला मिळणाऱ्या कुकडीच्या काठी, जुन्नर तालुक्यातल्या बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. त्याच्याजवळ अश्मयुगीन हत्यारंही मिळाली. राखेचं वय ठरलं की हत्यारांच्या वयाचा अंदाज येणार होता.

एका मोजणीत वय जवळपास १४ लाख वर्षं आलं. दुसरीत सुमारे साडेसहा लाख. काही संशोधकांनी राखेची रासायनिक ओळख पटवून सांगितलं की ही इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची राख आहे. पुढे तिचं वय काही लाख वर्षं असल्याचं सांगणारे अभ्यासही आले. थर तोच, राख तीच. पण वाहत्या नदीने जुनी माती त्यात मिसळली का, आणि नमुना नेमका कुठून घेतला, यावर आकडा बदलतो.

आज याचं काय?

इनामगावच्या अभ्यासकांची परंपरा पुढे चालू राहिली. डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि रॉबिन्स शुग यांच्यासह संशोधकांच्या गटाने २००९ मध्ये राजस्थानातल्या बालाथल इथल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचं मांडलं. या रोगाचा सांगाड्यातला तो त्या वेळचा सर्वात जुना पुरावा ठरला.

शिरूर आणि दौंडमध्ये आता धरणं आहेत, कालवे आहेत आणि कमी पावसाच्या या जमिनीत उसाचे मळे उभे आहेत. टंचाई आली की कारण म्हणून पावसाकडे बोट दाखवलं जातं. इनामगावच्या बाबतीतही सुरुवातीला तेच झालं होतं. पाऊस कमी होता हे खरंच, पण त्या कमी पावसात गाव आधी शेकडो वर्षं नीट जगलं होतं. मग नेमकं काय बदललं, हा प्रश्न विचारायला घराखालच्या मडक्यांतल्या लेकरांनी भाग पाडलं.