अर्थापकर्ष आणि संमेलन : ‘हॅकर’ या शब्दाचा इतिहास

एखाद्या शब्दास हीनार्थ प्राप्त झाला म्हणजे तो ज्यांना लावला जातो ते लोक बहुधा त्याचा त्याग करतात. अशोकाच्या शिलालेखांत कोणत्याही धर्मपंथास लावला जाणारा ‘पाषंड’ हा शब्द पुढे ‘पाखंड’ होऊन निंदाव्यंजक बनला. त्यावर पुन्हा हक्क सांगणारा पंथ आढळत नाही. ‘हॅकर’ या शब्दाची हकीकत निराळी आहे. त्याच्या अर्थासाठी एक समाज प्रतिवर्षी संमेलने भरवीत आला आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आगगाडीच्या प्रतिकृती करणारे एक विद्यार्थिमंडळ होते. त्याच्या एप्रिल १९५५ च्या इतिवृत्तात विजेच्या यंत्रणेवर ‘हॅकिंग’ करणाऱ्यांचा उल्लेख सापडतो. यंत्राशी कल्पकतेने खटपट करणारा तो हॅकर, एवढाच तेथे अर्थ होता. १९८३ साली मिल्वॉकीतील काही तरुणांनी लॉस अलामोस येथील संगणकात प्रवेश मिळविल्याचे उघडकीस आले. त्याच वर्षी ‘वॉरगेम्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. ‘हॅकर’ म्हणजे घुसखोर, हा अर्थ यानंतर सर्वतोमुखी झाला.

या अर्थापकर्षास १९८४ साली दोन ठिकाणी दोन प्रकारची उत्तरे मिळाली. नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील मरीन हेडलँड्स येथे सुमारे दीडशे निमंत्रित जमले. तेथे मूळ अर्थ जतन करण्याकडे कल होता. डिसेंबरात हँबुर्ग येथे केऑस कॉम्प्युटर क्लबचे पहिले संमेलन भरले. याच क्लबने महिन्यापूर्वी जर्मन टपालखात्याच्या बीटीएक्स सेवेतील दोष दाखविण्यासाठी एका बचतपेढीच्या खात्यावर सुमारे १,३५,००० मार्कांचा आकार चढविला होता आणि ती गोष्ट स्वतःच जाहीर केली होती. घुसणे नाकारावयाचे नाही, परंतु त्यास नीतीचे बंधन घालावयाचे, ही जर्मन भूमिका होय.

१९९३ साली जेफ मॉस यांनी लास व्हेगास येथे ‘डेफ कॉन’ हे संमेलन आरंभिले. श्रोत्यांत मिसळलेला सरकारी हेर ओळखण्याचा खेळ तेथे लोकप्रिय झाला. परंतु हा वाद नेहमीच खेळीमेळीचा राहिला नाही. जुलै २००१ मध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन तज्ज्ञाने तेथे इलेक्ट्रॉनिक पुस्तकांच्या संरक्षक कुलपातील दुबळेपणावर व्याख्यान दिले आणि त्यानंतर त्याला अटक झाली. १९९८ च्या अमेरिकन कायद्यान्वये कुलूप उघडण्याचे साधन पुरविणे गुन्हा ठरत होते. पुढे त्याच्यावरील आरोप मागे घेतले गेले व २००२ साली त्याची कंपनीही निर्दोष ठरली. दोष दाखविणारा आणि चोरी करणारा यांना एकच शब्द लावला म्हणजे काय घडते, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

संमेलनांनी जुना अर्थ पूर्णतः परत मिळविला, असे म्हणता येणार नाही. मात्र दोष शोधून तो कळविणारा संशोधक, हा तिसरा अर्थ त्यांनी प्रतिष्ठित केला. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे प्रमुख स्वतः ‘डेफ कॉन’च्या व्यासपीठावर आले. पुढच्याच वर्षी, स्नोडेन प्रकरणानंतर, सरकारी माणसांनी यंदा येऊ नये, अशी विनंती मॉस यांना करावी लागली. मिळालेली प्रतिष्ठा अशी कायम वादग्रस्तच राहिली.

मराठीत हा शब्द ‘खाते हॅक झाले’ अशा प्रयोगांतून, म्हणजे हीनार्थासहच, रूढ झाला. गोव्यात २०१० पासून ‘नलकॉन’ हे सुरक्षासंमेलन भरू लागले, तरी तिसऱ्या अर्थाचा मराठीत अद्याप म्हणावा तसा प्रसार झालेला नाही. परभाषेतील शब्द उसना घेताना त्यामागील वाद मागेच राहतो. आणि ज्याच्यावर न्याय करावयाचा, त्या माणसाविषयीचा निर्णय शब्दानेच आधी दिलेला असतो.