उसनं फुप्फुस

कोविडच्या काळात, २०२० नंतर, 'एक्मो' हा शब्द आपल्या सगळ्यांच्या कानांवर पडला. "पेशंट एक्मोवर आहे" असं कोणी म्हटलं की वाटायचं, व्हेंटिलेटरचाच थोरला भाऊ असणार. तसं नाही. व्हेंटिलेटर आजारी फुप्फुसातच हवा ढकलतो. एक्मो त्याच्याकडचं काम काढून घेतं. मोठ्या शिरेतून काळपट रक्त बाहेर काढायचं, पंपाने कृत्रिम फुप्फुसातून फिरवायचं, तिथे ऑक्सिजन द्यायचा, कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा आणि लालभडक झालेलं रक्त परत शरीरात सोडायचं. झालं! पण एवढं जमायला चाळीस वर्षं लागली.

गोष्ट सुरू होते १९३१ साली, बॉस्टनमध्ये. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेल्या एका बाईवर रात्रभर लक्ष ठेवायचं काम जॉन गिबन या तरुण डॉक्टरकडे होतं. बाई वाचली नाही. पण हे काळं पडलेलं रक्त बाहेरच्या बाहेर ऑक्सिजन देऊन परत सोडता आलं तर, हा विचार काही त्याच्या डोक्यातून गेला नाही. बायको मेरी त्याची प्रयोगशाळेतली सहकारी. प्रयोगाला मांजरं हवीत म्हणून हा गृहस्थ रात्री पोतं आणि टुना मासा घेऊन गल्लीबोळातून हिंडायचा. पुढे आयबीएमच्या इंजिनियरांनी यंत्र बांधायला मदत केली आणि ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात एका १८ वर्षांच्या मुलीचं हृदयातलं छिद्र बुजवलं गेलं. २६ मिनिटं तिचं हृदय आणि फुप्फुस दोन्हींचं काम यंत्राने केलं.

मिनिटं ठीक, पण दिवस कसे काढायचे? त्या यंत्रांत रक्त आणि ऑक्सिजन थेट एकमेकांना भिडायचे. काही तासांत रक्तपेशी फुटायच्या, रक्तातली प्रथिनं बिघडायची. मधे पडदा हवा होता. त्याची चाहूल लागली भलत्याच ठिकाणी. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ कृत्रिम मूत्रपिंडावर काम करत होता. सेलोफेनच्या नळीतून जाताना रक्त लाल होतंय, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे वायू पडद्यातूनही आरपार जातात! पुढे सिलिकॉन रबराचे पडदे आले आणि कृत्रिम फुप्फुस दिवसचे दिवस चालण्याची शक्यता निर्माण झाली.

१९७१ साली कॅलिफोर्नियात अपघातात जबर जखमी झालेल्या २४ वर्षांच्या तरुणाला डॉ. डोनाल्ड हिल यांनी अशा फुप्फुसावर ७५ तास ठेवलं आणि तो वाचला. ते फुप्फुस बनवणारे ब्रॅमसन हे इंजिनियर होते, हे सांगायचा मोह मला आवरत नाही!

आता सगळं सुरळीत होईल असं वाटतं ना? झालं उलटंच. अमेरिकेत सरकारी पैशातून मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९७९ मध्ये छापून आले. ९० रुग्ण. एक्मो दिलेल्या ४२ पैकी ४ वाचले, न दिलेल्या ४८ पैकीही ४. मोठ्या माणसांसाठी एक्मो जवळजवळ बाद झालं.

चुकलं काय? रक्तस्राव फार झाला, हे एक कारण. पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. एक्मो लावूनही व्हेंटिलेटर जोरातच चालू ठेवला होता. ज्या फुप्फुसाला विश्रांती द्यायची, त्यालाच दाबाखाली फुगवत राहायचं! गडी कामाला ठेवायचा आणि मोडलेल्या हाताने ओझंही आपणच उचलायचं, तशातली गत.

ही पद्धत जगवली ती लहान बाळांनी. १९७५ साली कॅलिफोर्नियातच डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला एक्मोवर ठेवून वाचवलं. आई सोडून गेलेल्या त्या मुलीचं नाव नर्सेसनी ठेवलं 'एस्पेरांझा', म्हणजे स्पॅनिशमध्ये आशा.

मोठ्यांची पाळी पुन्हा आली २००९ मध्ये. इंग्लंडमधल्या 'सीझर' चाचणीत १८० रुग्ण होते. लेस्टरच्या ग्लेनफील्ड रुग्णालयात एक्मोसाठी पाठवायचं ठरलेल्यांपैकी ६३ टक्के सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाशिवाय जिवंत होते, नेहमीच्या उपचारांत ४७ टक्के. गंमत म्हणजे त्या ९० पैकी प्रत्यक्षात ६८ जणांनाच एक्मो लागलं. मग श्रेय यंत्राचं किती आणि ते चालवणाऱ्या अनुभवी हातांचं किती? हा वाद डॉक्टरांत बराच रंगला.

मला विचाराल तर हे दोन हिशेब वेगळे करताच येत नाहीत. एक्मो फुप्फुस बरं करत नाही. ते फक्त वेळ उसना आणून देतं. त्या वेळात फुप्फुसाला निवांत पडू द्यायचं, की त्याला आणखी पिटाळायचं, हे शेवटी खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.