छेद उडतो, अट राहते

श्रोतेहो, आपल्या शहापुरातून कसारा घाट चढून आगगाडीने पुढं गेलं की चाळीसगाव लागतं. तिथून जवळच पाटण इथं इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापला, ही हकीगत त्यात कोरली आहे.

त्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्यानं गुणलं, गुणाकारात त्याचंच अर्ध मिळवलं, ३ नं गुणलं, शून्यानं भागलं, आले ६३. मूळ संख्या कोणती? आचार्यांनी गुणणारं शून्य भागणाऱ्या शून्याशी उडवलं आणि उत्तर दिलं, १४.

शून्याच्या जागी दुसरी कोणतीही संख्या घ्या, उत्तर १४ च येतं. खुद्द शून्य घेतलं, तर मात्र १४ की १५, काहीच ठरत नाही. सहा पायली तांदूळ तीन घरांत वाटले, तर घरटी दोन पायली. पण घरच नसेल, तर घरटी किती हे कसं सांगणार?

म्हणून आजचं बीजगणित अट घालतं. क्ष वर्ग उणे ९ ला क्ष उणे ३ नं भागलं की क्ष अधिक ३ उरतात. पण क्ष ३ नसेल तरच. मुरबाड-शहापूरच्या गुरुजींनी मुलांना एवढी सवय जरूर लावावी: मूळचा छेद पाहून अट आधी लिहायची, मग छेद उडवायचा. उलट केलं, तर अट कुठून आली हे उत्तरात दिसतच नाही.