जग खोलीत ठेवायची हौस

पृथ्वीचा गोल ही वस्तू कामाची कमी आणि मिरवायची जास्त, असं माझं जुनं मत आहे. साधा हिशोब करून बघा. टेबलावर मावणारा गोल समजा 30 सेंमी व्यासाचा. त्याचा परीघ 94 सेंमी, पृथ्वीचा 40 हजार किमी. म्हणजे एका सेंटीमीटरला सव्वाचारशे किमी! मुंबई ते पुणे जेमतेम तीन मिलिमीटर. रस्ता शोधायला काही कोणी गोल घेत नाही. मग पाचशे वर्षं लोक तो घेतायत कशासाठी?

आज शिल्लक असलेला सगळ्यात जुना पृथ्वीगोल जर्मनीत, न्यूरेंबर्गला आहे. मार्टिन बेहाइम या व्यापाऱ्याने तो तिथल्या नगरसभेसाठी 1490 ते 1492 मध्ये करवून घेतला. त्याचं नाव ‘एर्डआप्फेल’, म्हणजे पृथ्वीचं सफरचंद. (ऑस्ट्रियात हाच शब्द बटाट्याला वापरतात. असो.) त्यावर झेंडे आहेत, सिंहासनावर बसलेले राजे आहेत, अमेरिका मात्र नाही. युरोप आणि आशियाच्या मध्ये नुसता समुद्र आणि बेटं. मार्च 1493 मध्ये कोलंबस परतला. आमच्या भाषेत सांगायचं तर रिलीज झाल्या झाल्या व्हर्जन जुनं! तरी गोल कोणी फेकला नाही.

पुढे छपाई आली. 1507 मध्ये वाल्डझेम्युलरने संत्र्याच्या फोडींसारख्या 12 पट्ट्या छापल्या. कापायच्या आणि चेंडूवर चिकटवायच्या, झाला गोल. ‘अमेरिका’ हे नाव त्यावर होतं. हाताने रंगवण्यापेक्षा हे सोपं, त्यामुळे गोल हळूहळू पैसेवाल्यांच्या घरात शिरला. हॉल्बाइनचं 1533 चं ‘राजदूत’ हे चित्र बघा (मूळ लंडनच्या नॅशनल गॅलरीत, आपल्याला नेटवर चालेल). दोन फ्रेंच साहेब ऐटीत उभे, मधल्या फडताळावर वाद्यं, पुस्तकं आणि गोल. पृथ्वीच्या गोलावर पोलिझी नावाचं एक खेडं लिहिलंय. जगाच्या नकाशात त्याचं काय काम? तर डावीकडच्या साहेबांची, दँतव्हिलची, गढी तिथे होती. मला हा प्रकार फार आवडतो. जग आणायचं आणि त्यावर आधी आपलं गाव लिहायचं.

चौदाव्या लुईचं काम अर्थातच मोठं. त्याला भेट देण्यासाठी एका कार्डिनलने व्हेनिसच्या कोरोनेल्लीकडून 1681 ते 1683 या काळात दोन गोल करवून घेतले, एक पृथ्वीचा, एक आकाशाचा. व्यास जवळजवळ चार मीटर, वजन प्रत्येकी सुमारे दोन टन. पृथ्वीच्या गोलावर कॅलिफोर्निया हे बेट आहे. आणि आकाशाच्या गोलावर ग्रहतारे आहेत ते लुईच्या जन्माच्या वेळचे. आपण पत्रिका काढून कपाटात ठेवतो, याने ती दिवाणखान्याएवढी रंगवून घेतली. मधे कित्येक वर्षं हे गोल खोक्यांत पडून होते, आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

आता मॉलमध्ये काळ्या रंगावर सोनेरी अक्षरांचे गोल मिळतात, झाकण उघडलं की आतून बाटल्या निघणारेही मिळतात. त्यांना हसावंसं मला वाटत नाही. घराणं तेच आहे.

हौस फक्त गोऱ्यांची होती असंही नाही. युरोपातून येणाऱ्या नजराण्यांबरोबर गोलाची कल्पना मुघल दरबारात पोचली आणि चित्रकारांनी ती उचलली. सुमारे 1618 मध्ये अबुल हसनने जहांगीरचं एक स्वप्न रंगवलं. जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतोय (प्रत्यक्षात दोघे कधी भेटलेच नाहीत) आणि दोघांच्या पायाखाली पृथ्वीचा गोल. गोलावर जहांगीरच्या पायाशी सिंह, अब्बासच्या पायाशी मेंढी. सिंह असा पसरलाय की मेंढी पार पश्चिमेला ढकलली गेलीये.

1622 मध्ये शाह अब्बासने कंदाहार जिंकून घेतलं. जहांगीरच्या हयातीत ते परत मिळालं नाही.