साखरेपलीकडचे इन्शुलिन

इन्शुलिन रक्तातील साखर कमी करते, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

१८९० मध्ये केंब्रिजच्या रॉय व शेरिंग्टन यांनी मांडले, की मेंदूचा जो भाग काम करतो तेथील रक्तपुरवठा वाढू शकतो. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहींना एकाच वेळी ग्लुकोज पाजले व इन्शुलिन टोचले. काहींची साखर आटोक्यात राहिली, काहींची चढत गेली. इन्शुलिन असूनही शरीर दाद देत नाही, हाच इन्शुलिन-रोध.

हे दोन धागे जुळवले नायट्रिक ऑक्साइडने. त्याच्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले. रक्तवाहिनीच्या अस्तराला इन्शुलिन दोन संदेश देते : नायट्रिक ऑक्साइड बनवून वाहिनी सैल करा, एंडोथेलिन बनवून ती आवळा. इन्शुलिन-रोधात पहिला संदेश क्षीण होतो, दुसरा चालूच राहतो. अशा उंदरांच्या मेंदूतील बारीक धमन्या गरजेच्या वेळी पुरेशा रुंदावत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे.

तेव्हा 'मधुमेहाचा मेंदूशी काय संबंध?' असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर उत्तराची सुरुवात या बारीक वाहिन्यांपासून करावी.