सैनिकाचे काळीज

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. त्या वेळी फिलाडेल्फिया येथील लष्करी रुग्णालयात जेकब मेंडेस दा कोस्टा या डॉक्टरांपुढे काही विलक्षण रोगी येऊ लागले. अंगावर जखम नाही, वय तरुण. पण छातीत सारखी धडधड, जरा चालले की धाप, हातपाय गळालेले आणि रात्री झोप नाही. नळी लावून पाहावे तर हृदयात दोष सापडत नसे. अशा सुमारे तीनशे शिपायांचा अभ्यास करून दा कोस्टा यांनी १८७१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला आणि विकाराला ‘चिडखोर हृदय’ असे नाव दिले. पुढे लोकांच्या तोंडी ‘सैनिकाचे हृदय’ हे नाव रुळले. हे सगळेच चिंतेचे रोगी होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांपैकी कित्येकांना ताप आणि अतिसाराने आधीच पिळून काढले होते. परंतु शरीर निर्दोष असताना काळीज असे का उडते, हा प्रश्न वैद्यांपुढे उभा राहिला तो कायमचा.

आपल्या भाषेने या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. ‘काळीज’ आणि ‘काळजी’ या शब्दांचे नाते कानालाच कळते. आपल्याकडे भीतीने पोटात गोळा येतो, काळजाचे पाणी होते, जिवाला घोर लागतो. इंग्रजीतील ‘अँग्झायटी’ हा शब्दही गळा आवळणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून निघाला आहे. एवढेच नव्हे, तर क्षणिक व्याकुळता वेगळी आणि व्याकुळ होण्याचा जडलेला स्वभाव वेगळा, हा भेद रोमन पंडित सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास स्पष्ट मांडला होता. आजच्या निदानाचा पाया या भेदावरच उभा आहे.

वैद्यकाला मात्र तेथे पोहोचण्यास फार वेळ लागला. १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज बिअर्ड यांनी थकवा, निद्रानाश, धास्ती असे सगळे ‘मज्जादौर्बल्य’ या एकाच गाठोड्यात बांधले. ते गाठोडे १८९५ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी सोडले आणि चिंतेचा विकार त्यातून वेगळा काढला. त्यांच्या पुढील मतांविषयी कोणी काहीही म्हणो, पण या निबंधात त्यांनी रेखाटलेली एक गृहिणी विसरता येत नाही. पडसे झालेला नवरा खोकला की हिच्या मनात न्यूमोनिया येतो आणि डोळ्यांपुढून प्रेतयात्रा जाते. घरी परतताना दारात दोन माणसे उभी दिसली की आपले मूल खिडकीतून पडले असे तिला वाटते. ही बाई व्हिएन्नाची म्हणून सांगितली एवढेच. आपल्या प्रत्येक आळीत तिचे घर आहे आणि पुष्कळदा त्या घरात ती बाई नसून पुरुष असतो.

इतके स्वच्छ चित्र हाती असूनही या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्या वर्षी निदानग्रंथाची तिसरी आवृत्ती काढली. अवचित उसळणाऱ्या तीव्र भीतीचे झटके त्यांनी वेगळे काढले आणि जे उरले त्याला ‘सार्वत्रिक चिंताविकार’ म्हटले. म्हणजे हे नाव प्रथम उरल्यासुरल्याचेच होते. महिनाभर लक्षणे असली की पुरे, अशी तेव्हाची अट होती. १९८७ मध्ये ती सहा महिन्यांची झाली आणि काळजी हेच विकाराचे मुख्य अंग ठरले. काळजी प्रमाणाबाहेर, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींविषयी आणि आवरता न येणारी असावी. सोबत अस्वस्थता, थकवा, चिडचिड, स्नायूंचा ताठरपणा, मन एकाग्र न होणे, झोपमोड यांपैकी निदान तीन लक्षणे असावीत, असे १९९४ पासून मानतात. मुलीच्या लग्नाची काळजी हा रोग नव्हे. लग्न उत्तम पार पडल्यावर त्याच वजनाची दुसरी काळजी लगेच तिच्या जागी येऊन बसते, तेव्हा विचार करावा लागतो.

औषधांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५५ मध्ये ‘मिलटाउन’, १९६० मध्ये ‘लिब्रियम’, १९६३ मध्ये ‘व्हॅलियम’ बाजारात आले आणि गोळी घेऊन शांत होता येते असे जगाला वाटले. शांतता खरी होती, पण तिची सवय जडते हे उशिरा ध्यानात आले. आता ही औषधे जपून व थोड्या मुदतीसाठी देतात. दीर्घकाळासाठी दुसऱ्या जातीची, सवय न लावणारी औषधे आहेत. मात्र त्यांचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात आणि ती आपल्या मनाने बंद करू नयेत. थायरॉइड ग्रंथीच्या दोषानेही अशीच धडधड होते, म्हणून आधी रक्त तपासणे शहाणपणाचे.

सैनिकाच्या त्या काळजाची गोष्ट पुढे नेली ती ऑस्ट्रेलियातील एका प्राणिशास्त्रज्ञ स्त्रीने. सिडनीच्या क्लेअर वीक्स (१९०३–१९९०) सरड्यांच्या गर्भपोषणावर संशोधन करीत होत्या. ऐन उमेदीत त्यांना चुकून क्षयरोगी ठरवून आरोग्यधामात ठेवण्यात आले. तेथून सुटल्या त्या छातीतील धडधड बरोबर घेऊनच. ती काही केल्या जाईना. तेव्हा पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले की, खंदकात आम्हा शिपायांचेही असेच होई. तुझे हृदय धडधडते कारण तू त्या धडधडीलाच भितेस. त्या एका वाक्याने वीक्स सावरल्या. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांनी सामान्य वाचकांसाठी मज्जाविकारांवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, भीती दोन असतात. पहिली आपोआप येते, तिच्यावर आपली सत्ता नाही. दुसरी, ‘अरे देवा, हे पुन्हा सुरू झाले’ ही, आपण तिच्यात घालतो आणि विस्तव पेटता राहतो. म्हणून सामोरे जा, झुंजू नका, पाण्यावर अंग सैल सोडावे तसे तरंगत पुढे जा आणि काळाला आपले काम करू द्या.

काही विद्वानांना हे फार भाबडे वाटले. पण १९९५ मध्ये इंग्लंडचे एड्रियन वेल्स यांनी सार्वत्रिक चिंताविकाराची जी उपपत्ती मांडली, तिचे मर्म ‘काळजी करण्याची काळजी’ हेच आहे. त्याआधी, १९८३ मध्ये, टॉमस बोर्कोव्हेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी रीत तपासून पाहिली होती. काळजीसाठी रोज ठरावीक जागी, ठरावीक वेळी अर्धा तास राखून ठेवायचा. एरवी चिंता आली तर तिला त्या वेळेचा वायदा द्यायचा. करून पाहणाऱ्यांची काळजी खरोखर घटली. आपले विचार तपासण्याची एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मुंबईत कि. मो. फडके यांनी रुजवली, त्यामुळे ती मराठीतूनही समजून घेता येते. बोलायला कोणी नसेल तर भारत सरकारची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून चालू आहे.

वीक्स स्वतः पूर्ण बऱ्या झाल्या का? उतारवयात त्यांना हे विचारण्यात आले. रात्री जाग येऊन तो जुना झटका अजूनही कधी कधी येतो, असे त्यांनी मोकळेपणी सांगितले आणि कीव करू पाहणाऱ्याला, ती दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवा, असे बजावले.